दोन नंबरचा गाळा

गेल्या उन्हाळ्यात एक कंत्राटदार आमच्या घरी आला. चहा झाला आणि त्याने मोबाईलवर एक रंगीत चित्र दाखवले. काचेचा दर्शनी भाग, खाली सहा गाळे, वर मोठा हॉल. चित्रातली जागा आमचीच होती. "सर, हे जुनं कायले ठेवता? दोन पावसाळे काढते का नाई, काई भरोसा नाई," तो म्हणाला. माझ्या धाकट्या भावाचे डोळे चमकले. खोटे कशाला बोलू, माझेही चमकले.

राळेगावच्या जुन्या बाजारातली ही आमची इमारत. खाली चार गाळे, मधून वर जाणारा अरुंद लाकडी जिना, वर माडी. भिंती जाड, चुन्यात बांधलेल्या. खांब आणि तुळया सागवानी. यवतमाळ जिल्ह्यात सागवानाला तोटा नव्हता. छपरावर आधी कवेलू होते, आता टिनाचे पत्रे आहेत. मधल्या दाराच्या चौकटीवर 'शुभ लाभ' कोरलेले आहे. आमच्या नात्यातल्या एका पाहुण्याने दादाजानना एकदा विचारले होते की हे तासून का टाकत नाही. दादाजान म्हणाले, "लाभ तो लाभ है मियाँ, किसी भी ज़बान में हो."

कंत्राटदाराला करार करण्याआधी सगळे कागद हवे होते. खरेदीखत, कराच्या पावत्या, कोण भाडेकरू कधीपासून कधीपर्यंत होता, सगळे. शाळेला सुट्ट्या होत्या. मी अब्बांची लोखंडी पेटी काढली आणि ओसरीवर घेऊन बसलो.

आम्ही पिंजारी. कागदावर कुठे नद्दाफ, कुठे मन्सुरी. पणजोबा गावोगाव पिंजण खांद्यावर टाकून फिरायचे. ती तात लाकडी ठोकळ्याने वाजली की अख्ख्या आळीला कळायचे, गाद्या भरणारा आला. दादाजान मात्र फिरले नाहीत. राळेगावात एका अडत्याची कापसाची वखार होती, तिच्या ओसरीत बसून ते काम करू लागले. ती वखार म्हणजेच ही इमारत. चारी गाळ्यांत मध्ये भिंती नव्हत्या, एकच लांब दालन होते आणि हंगामात ते छतापर्यंत कापसाने भरायचे. वर माडीवर शेठची गादी, वह्या, मुनीम. इथून कापूस बैलगाड्यांवर वर्धा नदी ओलांडून हिंगणघाटला जायचा. हिंगणघाटला जिन आणि रेल्वे होती, आणि तिथला कापूस मुंबईच्या बाजारात गावाच्या नावानेच ओळखला जायचा. जसा वऱ्हाडचा कापूस उमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून विकला जाई. दादाजानना खाली सांडलेला, मळलेला कापूस स्वस्तात मिळे. त्याच्या उशा होत.

ही वखार आमची कशी झाली, ते कागद पाहूनच मला नीट समजले. १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा, खासगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. शेतकऱ्याची लूट थांबावी हा हेतू. लूट थांबली की नाही, यावर आमच्याकडे पारावर आजही भांडणे होतात. कारण पुढे चुकारे वेळेवर मिळेनात आणि लोक चोरून शेजारच्या राज्यांत कापूस नेऊ लागले. पण शेठच्या वखारीला त्या कायद्याने एका फटक्यात कुलूप लागले. दोन वर्षे त्याने वाट पाहिली, मग १९७४ साली इमारत विकायला काढली. रिकाम्या वखारीला गिऱ्हाईक कोण? दादाजाननी दादीचे दागिने मोडले, काही उसने घेतले आणि ज्या ओसरीत पायरीवर बसायचे ती इमारतच विकत घेतली.

त्यांनी पहिले काम केले ते भिंती घालण्याचे. एका दालनाचे चार गाळे झाले. एक नंबरला चहाचे हॉटेल आले. दोन नंबरला स्वतःची गादी-रजईची दुकान. तीन नंबरला कापडवाला. चार नंबर हंगामापुरते कोणी ना कोणी घ्यायचे. माडीवर तालुक्याला शिकायला आलेली खेड्यातली पोरे राहायची. मुले एका चुलीवर भाकरी करत आणि भाडे कधी ज्वारीच्या रूपाने देत.

माझ्या आठवणीतली माडी त्यानंतरची. १९८५-८६ च्या सुमारास पोरे गेली आणि तिथे व्हिडिओ हॉल आला. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, खाली सतरंज्या, खिडक्यांना काळे कापड. बाजाराच्या दिवशी तीन खेळ. भाडे पोरांच्या भाड्याच्या चौपट होते. दादाजाननी ते घ्यायला होकार दिला आणि मग घरात एक अजब व्यवस्था केली. माडीचे भाडे ते एका वेगळ्या डब्यात ठेवत आणि त्यातून फक्त इमारतीची डागडुजी आणि नगराचा कर भरत. "हे पैसे पोटात जायला नको," म्हणत. मी मात्र जिन्याच्या फटीतून अर्धे सिनेमे पाहिले आहेत. अब्बांनी एकदा कान धरून खाली आणले, पण तेही शेवट काय झाला ते विचारायचे.

हे सांगायचे कारण, २०१८ साली एका प्रशिक्षणासाठी मी मुंबईला गेलो होतो. सोबतचे एक शिक्षक मला काळा घोडा भागात घेऊन गेले. जहांगीर कलादालनापासून जवळच एक पाचमजली, काळवंडलेली इमारत. गंजलेले खांब, वाकलेले सज्जे, टेकू, दारावर वकिलांच्या पाट्या, जिन्यापाशी विजेच्या वायरींचे जाळे. ते म्हणाले, "सर, भारतात सिनेमा पहिल्यांदा इथे दाखवला." ते वॉटसन हॉटेल होते, आता नाव एस्प्लनेड मॅन्शन. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलत्चित्रे तिथे दाखवली गेली, तिकीट एक रुपया. मला हसू आले. आमच्या माडीचे आणि ह्या इमारतीचे असे नाते निघाले.

त्या इमारतीची गोष्ट मी नंतर मिळेल तिथे वाचली, कारण ती मला आमच्या इमारतीची थोरली बहीण वाटू लागली. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. किल्ल्याच्या तटबंद्या पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीवर भूखंड विकले गेले. त्यातल्या एकावर जॉन वॉटसन नावाच्या व्यापाऱ्याने ही इमारत उभी केली. सांगाडा ओतीव लोखंडाचा. त्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतले, जहाजाने आणले आणि इथे जोडले. गोऱ्या साहेबांचे हे सर्वांत झोकाचे हॉटेल झाले. अमेरिकेचा लेखक मार्क ट्वेन १८९६ मध्ये तिथेच उतरला होता. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशी गोष्ट सगळे सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही म्हणतात, पण सांगणाऱ्याला त्याचे काय!

पुढे हॉटेल मागे पडले आणि बंद झाले. मोठ्या दालनांत फळ्या ठोकून लहान लहान खोल्या पाडल्या गेल्या. उच्च न्यायालय जवळ, म्हणून वकील आले. टंकलेखक आले, दुकाने आली, काही कुटुंबेही आली. भाडी जुनी, नाममात्र. मालक म्हणणार, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू. भाडेकरू म्हणणार, दुरुस्तीच करत नाही तर भाडे कशाला वाढवू. २००५ साली सज्जाचा एक भाग कोसळला. दुसऱ्याच वर्षीच्या जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव होते. मी पाहिली त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ती राहायला धोकादायक ठरवून रिकामी करण्यात आली. पाडायची की जपायची यावर न्यायालयात वाद झाला. मला त्या सगळ्यात एकच गोष्ट खटकली. इतक्या वर्षांत तिचा उपयोग करणारे शेकडो झाले, पण तिचे देणे कोणाकडे आहे ते ठरवायला कोणी बसले नाही.

राळेगावला परत येऊ.

व्हिडिओ हॉल घरोघरी टीव्ही आल्यावर आपोआप बंद पडला. तीन नंबरमधला कापडवाला मोठ्या रस्त्यावर गेला, तिथे एसटीडी-पीसीओ आला. काचेची खोली, लाल आकडे, रात्री अकरानंतर रांग, कारण रात्री दर कमी. नंतर तिथेच मोबाईल रिचार्ज, आता झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज. दोन नंबरमध्ये दादाजान १९९१ ला वारल्यावर अब्बा बसले. त्यांनी पिंजण भिंतीला टांगले आणि विजेवर चालणारे पिंजायचे यंत्र आणले. धुळीने दमा जडला. मग फोमच्या गाद्या आल्या. लोकांना दर दोन वर्षांनी गादी उसवून, कापूस पिंजून परत भरायचा कंटाळा आला. २००५ मध्ये अब्बांनी दुकान बंद केले आणि गाळा कृषी केंद्राला दिला.

ते अगदी योग्य वेळी झाले असे तेव्हा वाटले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली होती आणि पाहता पाहता सगळ्या तालुक्यात तोच पेरला जाऊ लागला. ज्या गाळ्यात कापूस पिंजला जायचा तिथे आता कापसाचे बियाणे साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटात मिळू लागले. जूनमध्ये रांगा, ऑगस्टमध्ये फवारणीची औषधे, शेजारी उधारीची वही. त्या भाड्यातून आमच्या घराला स्लॅब पडला. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यांत पोचले. आमचा भाडेकरू पावती देऊन माल विकणारा सरळ माणूस होता, त्याच्यावर काही बालंट आले नाही. पण त्या महिन्याचे भाडे हातात घेताना मला दादाजानचा तो वेगळा डबा आठवला. मी मात्र डबा काढला नाही. भाडे घेतले आणि खात्यात भरले.

२०२२ मध्ये त्याने मोठे दुकान बांधले आणि गाळा सोडला. तेव्हापासून दोन नंबर रिकामा होता.

पेटीच्या तळाशी एका निळ्या फायलीत मला २०११ चा कागद मिळाला. हक्कसोडपत्र. अब्बा २००९ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. दोन वर्षांनी आम्ही दोघे भावांनी तिन्ही बहिणींना बोलावले, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले आणि सह्या घेतल्या. त्या दिवशी मी खूप खुश होतो. बहिणींना ड्रेस दिले, हॉटेलात जेवू घातले. सगळ्यांत धाकटी सही करताना म्हणाली होती, "भाई, कुठे करू?" मी बोट ठेवून दाखवले. कागदावर माझी सही साक्षीदारासारखी दिसते, इतकी ती टापटीप आहे.

मी शाळेत मुलांना अपूर्णांक शिकवतो. हा हिशेब मला येत नव्हता असे नाही. आमच्याकडे मीरासीचा हिशेब अगदी सोपा निघतो. मागे बेवा, दोन मुलगे, तीन मुली. बेवेचा आठवा हिस्सा, राहिलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. सोळा आण्यांत मांडा: अम्मीचे दोन आणे, प्रत्येक बहिणीचे दोन आणे, आम्हा भावांचे चार-चार आणे. एकही पैसा उरत नाही. १९३७ च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, ही पळवाट पुष्कळ लोक दाखवतात. पण बाजारातली इमारत काही शेत नव्हे.

हे सगळे डोक्यात असतानाच त्या आठवड्यात थोरली आपा आली. ती कळंबला असायची. २०२० मध्ये दूल्हाभाई वारले, मुलगा आयटीआयला आहे. शाळेचे गणवेश आणि पिको-फॉलचे काम ती घरी करते. चहा पीत ती म्हणाली, "भाई, दोन नंबर रिकामा आहे ना? मला भाड्याने देशील? बाजारभावाने दे, डिपॉझिट पण देते. फक्त एकदम नको, दोन हप्त्यांत."

मी काहीच बोललो नाही. पेटी समोर उघडीच होती.

रात्री मी जुन्या भाडेपावत्या काढल्या. अब्बा गेल्यापासून त्या दिवसापर्यंत चारी गाळ्यांचे आणि माडीचे भाडे, त्यातून कर आणि दुरुस्ती वजा. सात लाख वीस हजार निघाले. आठवा हिस्सा नव्वद हजार. तीन बहिणींचे दोन लाख सत्तर हजार आमच्या दोघांच्या घरात स्लॅब, मोटारसायकल आणि मुलांच्या फिया होऊन बसले होते.

भावाला सांगितले. तो चिडला, आणि त्याचे म्हणणे चुकीचेच होते असे मी म्हणणार नाही. "लग्नात दिलं की. आपाच्या लग्नाला तर तीन नंबरचं डिपॉझिट मोडलं. ईदला देतो, बाळंतपणं केली. आणि सह्या त्यांनी राजीखुशीने केल्या आहेत, रजिस्टर कागद आहे." मग म्हणाला, "तू आता एकदम मौलाना कधीपासून झालास?"

म्हणून दोघे मिळूनच मौलानांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला नाही. एवढेच विचारले, "सही घेण्याआधी हिस्सा त्यांच्या हातात दिला होता का?" नाही म्हटले. "हातात आलेली वस्तू माणूस खुशीने परत देतो, ती बक्षीस. हातात आलीच नाही, ती तिने दिली कशी? आणि लग्नाचा खर्च बापाने केला की तुम्ही?" भाऊ गप्प झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, विचार करतो. तो अजून विचार करतो आहे. मी त्याला दोष देत नाही. मला स्वतःला तेरा वर्षे लागली, आणि तीही बहिणीने भाडे देऊ केले म्हणून.

आपाला मी गाळ्याची किल्ली दिली आणि सांगितले, भाडे नाही, हा तुझा हिस्सा आहे. तिला वाटले मी कीव करतो आहे. ती उठून जायला लागली. मग मी ते आण्यांचे गणित तिला कागदावर मांडून दाखवले, अगदी पाचवीच्या मुलीला दाखवावे तसे. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "अम्मीचे दोन आणे पण लिहिलेस?" लिहिले होते. अम्मीला सांगितले तर ती म्हणाली, माझे काय, मला दोन वेळचे मिळते. हेच वाक्य ती पंधरा वर्षे म्हणते आहे आणि आम्हाला ते ऐकायला सोयीचे होते.

दोघी धाकट्या बहिणींना मी माझ्या पगारातून थोडे थोडे देतो आहे. एक घेते. दुसरी प्रत्येक वेळी परत पाठवते, मी पुन्हा पाठवतो. कंत्राटदाराला सांगितले की मालक पाच आहेत आणि एक अम्मी, सहा जणांशी बोलावे लागेल. त्यानंतर त्याचा फोन नाही.

आणि एक राहिले. खरेदीखत दादाजानच्या नावाने होते. अब्बांना एक बहीण होती, आमची फुफी. वणीला दिली होती. म्हणजे माझे सोळा आण्यांचे गणित मुळातच चुकलेले आहे. त्यातला तिसरा हिस्सा फुफीचा होता आणि आता तिच्या मुलांचा आहे. हे मला हिशेब मांडून झाल्यावर चार दिवसांनी सुचले. आपाला सांगितले तर ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू कधी विचारतोस ते पाहत होते." वणीला मी अजून गेलो नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरवले आहे.

दोन नंबरमध्ये औषधांचा वास भिंतीत मुरला होता. गणवेशाचे कापड तो वास धरेल म्हणून आपाने तीन वेळा चुना मारून घेतला. भिंतीवरचे दादाजानचे पिंजण काढू का विचारले, तर राहू दे म्हणाली, त्याला हँगर लटकवता येतात. जूनमध्ये आमच्याच शाळेच्या मुलांचे गणवेश तिने शिवले. गाळ्याचे वीजबिल अजून अब्बांच्या नावाने येते. नाव बदलायचा अर्ज तीन नंबरमध्ये ऑनलाइन भरता येतो म्हणे. येत्या रविवारी जाऊन बसतो.